शिडाच्या बोटीने दोघंच न्यूपोर्टला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नवरा-बायकोने मिळून बोट चालवणारी मराठी जोडपी आता बरीच झाली आहेत. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टबद्दल आम्हाला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ३० ते ४० फुटांची बोट, माणसं दोन आणि मुक्काम एक-दोन रात्रींचा, असं धरून उत्तरं लिहिली आहेत. दर आणि वेळा प्रत्येक मोसमात बदलतात, त्यामुळे त्या निघण्याआधी बंदराच्या कार्यालयाला विचारून घ्या.

१. न्यूपोर्ट नेमकं कुठे आहे आणि शिडाच्या बोटीवाल्यांना त्याचं एवढं वेड का?

नॅरागॅन्सेट उपसागराच्या तोंडाशी ॲक्विडनेक नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिण टोकाला न्यूपोर्ट. उघड्या अटलांटिकमधून आत वळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही चांगल्या आडोशाच्या बंदरात असता, आणि बंदरातून उतरलात की पाच मिनिटांत भर गावात. असा योग फार ठिकाणी जुळत नाही. उन्हाळ्यात दुपारी नैऋत्येचा वारा जवळपास ठरलेला असतो.

शिवाय १९३० ते १९८३ या काळात अमेरिका कपच्या शर्यती इथल्याच पाण्यात झाल्या. १८५१ पासून १३२ वर्षं अमेरिकेने कोणाला दिला नव्हता तो चषक १९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया टू' या बोटीने इथेच ४-३ ने जिंकून नेला. गावातल्या जुन्या मंडळींजवळ तो विषय जपून काढावा.

२. गाव श्रीमंतांचं आहे म्हणतात. आम्हा नोकरदारांना परवडेल का?

बोट कुठे बांधता यावर सगळं अवलंबून आहे. पर्याय तीन. धक्क्याला लावली तर भाडं बोटीच्या लांबीवर, दर फुटामागे. ऐन मोसमात, शनिवार-रविवारी, ४० फुटी बोटीचं एका रात्रीचं बिल तीनशे डॉलरच्या घरात गेलं तर नवल नाही. मूरिंग म्हणजे तळाशी कायम रोवलेल्या वजनाला बांधलेला तरंगता बोया. त्याचं भाडं बहुधा रात्रीच्या हिशेबाने, आणि धक्क्याच्या मानाने बरंच कमी. तिसरा पर्याय स्वतःचा नांगर, तो फुकट.

आमचं मत विचाराल तर धक्क्याचे पैसे इथे वाया जातात. रात्री उशिरापर्यंत पबमधला गोंगाट, फळीवरून ये-जा करणारे लोक तुमच्या केबिनमध्ये डोकावणार, आणि शेजारी शंभर फुटी मोटरयॉटचा जनरेटर. तीनशे मीटर आत पाण्यात तेच गाव जास्त देखणं दिसतं, आणि झोपही लागते. वाचलेल्या पैशांत दोघांचं उत्तम जेवण होईल.

३. कोणत्या महिन्यात जावं?

जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याजोगं होतं, पण गर्दी मरणाची. आमची पसंती लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरच्या आठवड्याला : पाणी अजून उबदार, मूरिंग सहज मिळतं, हवा स्वच्छ. मात्र सप्टेंबरच्या मध्याला इथे मोठा बोट शो भरतो, तेवढे दिवस टाळा. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संगीत महोत्सव असतात (प्रश्न १५). सम वर्षी जूनमध्ये बर्म्युडा शर्यत इथून सुटते, ६३५ सागरी मैलांची. बघायला मजा येते, पण राहायला जागा मिळत नाही. ऑक्टोबर उजाडला की लाँचसेवा, पाण्याचे नळ असं एकेक बंद व्हायला लागतं.

४. बंदरात शिरायची वाट कशी आहे? अवघड आहे का?

दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, अवघड नाही. कॉनॅनिकट बेट (जेम्सटाउन गाव त्यावरच आहे) डावीकडे आणि ॲक्विडनेक उजवीकडे ठेवून मधल्या 'ईस्ट पॅसेज'मधून उत्तरेला जायचं. पाणी खोल आहे. शिरण्याआधी उजव्या हाताला ब्रेंटन रीफचे खडक आहेत, त्यांना भरपूर अंतर द्या. कोपरा कापायचा मोह इथे अजिबात नको. मग कॅसल हिलचा छोटा दगडी दीपस्तंभ येतो, १८९० चा, खडकातच उभा. पुढे फोर्ट ॲडम्सचा किल्ला. किल्ल्याला वळसा घालून उजवीकडे वळलं की समोर बंदर.

मुंबईत किंवा गोव्यात बोट शिकलेल्यांनी एक गोष्ट मनात पक्की करावी. भारतात बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत उलट, आत येताना लाल उजवीकडे. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि हे दोन देश वेगवेगळ्या पद्धतीत मोडतात. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली सवय दमलेल्या डोक्याने बरोबर नको त्या वेळी वर येते, म्हणून सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवून ठेवलीत तरी कोणी हसणार नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रॉव्हिडन्स शहराकडे जाणारी मोठी जहाजं हीच वाट वापरतात. शीड वर आहे म्हणून ती तुम्हाला वाट देतील असं समजू नका, अरुंद वाटेत त्यांना अडवायचं नाही असा नियमच आहे. आणि दुपारी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून नैऋत्येचा वारा आला की तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. धोका नसतो, पण कपबशा आधी आवरून ठेवा. (कोणाला बोट लागत असेल तर प्रश्न १७.)

५. नांगर कुठे टाकायचा आणि दोर किती सोडायचा?

नांगरासाठी राखलेली जागा बंदराच्या दक्षिण भागात, आयडा लुईस यॉट क्लब आणि ब्रेंटन कोव्हच्या बाजूला आहे. चार्टवर नीट दाखवलेली आहे. तळ चिखलाचा आहे, नांगर धरतो. खरी अडचण गर्दीची. मूरिंगवरच्या बोटी आखूड वर्तुळात फिरतात, नांगरावरच्या लांब वर्तुळात. वारा फिरला की दोघांचा हिशेब चुकतो, म्हणून मूरिंगच्या रांगांना खेटून नांगर टाकू नका.

दोराचा हिशेब उदाहरणाने सांगतो. ओहोटीला आलात, खोलीमापक १५ फूट दाखवतोय. भरती-ओहोटीतला फरक इथे साधारण साडेतीन फूट. तुमच्या बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून ४ फूट उंच. बेरीज साडेबावीस. त्याच्या पाचपट म्हणजे ११३ फूट हे शांत हवेतलं किमान माप. सातपट म्हणजे १५८ फूट, एवढा दोर वारा असेल तर सोडायला हवा. पण शनिवारी संध्याकाळी ब्रेंटन कोव्हमध्ये १५८ फुटांवर झुलायला जागा मिळणं कठीण. म्हणून दुपारी दोनच्या आत पोचा, किंवा सरळ मूरिंग घ्या. मोटर मागे चालवून नांगर रुतला आहे का ते तपासायचं, हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

जागा नाहीच मिळाली तर समोरच्या जेम्सटाउनच्या बाजूला, पेल पुलाच्या थोडं उत्तरेला पॉटर कोव्ह आहे. तिथून गाव लांब पडतं, पण नैऋत्येच्या वाऱ्यात रात्र बरी जाते.

६. मूरिंग पकडताना आमची दरवेळी जुंपते. काही उपाय?

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नाची येतात. लाजू नका, त्या बंदरातल्या प्रत्येक जोडप्याची जुंपलेली आहे, आणि कॉकपिटमध्ये (बोटीवरच्या उघड्या बैठकीत) ग्लास घेऊन बसलेले शेजारी तेच बघायला बसलेले असतात.

भांडणाचं मूळ साधं आहे. सुकाणूवरच्या माणसाला शेवटच्या दहा-पंधरा फुटांत बोया दिसतच नाही, आणि नाळेवरच्या माणसाला इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. मग दोघं ओरडतात. म्हणून ओरडणं बंद, खुणा सुरू. नाळेवरच्याने हात लांब करून सतत बोयाकडे बोट दाखवत राहायचं, बोया सरकेल तसा हात सरकेल. मूठ वर म्हणजे गिअर न्यूट्रल. तळहात मागे म्हणजे रिव्हर्स. बस्स, एवढंच.

आता कृती. आजूबाजूच्या बोटींची तोंडं ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने, म्हणजे वाऱ्यावर, अगदी हळू या. बोयाजवळ तरंगणारी उभी काठी असते, तिला मूरिंगचा दोर बांधलेला असतो. काठी नुसत्या हाताने धरता येते, नसेल तर हूक लावून दोर उचला. दोर ओला, शेवाळाने बुळबुळीत आणि दिसतो त्यापेक्षा जड असतो. हातमोजे घाला. दोराच्या टोकाचा फास नाळेवरच्या खाचेतून आत घेऊन क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंट्यावर) चढवा. दोर रेलिंगच्या खालून आला पाहिजे, वरून नव्हे. नाहीतर वारा सुटला की रेलिंग वाकेल.

आणि सर्वांत मोठा नियम : बोट पुढे निघून गेली आणि दोर ताणला, तर सोडून द्या. कित्येक टनांची बोट माणसाच्या खांद्याने थांबत नाही. पुन्हा गोल फिरून या. दुसऱ्या फेरीत कमीपणा काही नाही, निखळलेल्या खांद्यात मात्र अख्खी सुट्टी जाते. शक्य असेल तर ज्याच्या अंगात ताकद जास्त तो नाळेवर आणि ज्याचा हात हलका तो सुकाणूवर. आपल्याकडे बहुतेक नवरे सुकाणू सोडत नाहीत, हा भाग वेगळा.

७. धुकं आलं तर?

जून आणि जुलैच्या सुरुवातीला हमखास येतं : उबदार दमट हवा गार पाण्यावरून वाहते म्हणून. बाहेर असाल आणि रडार नसेल तर आत शिरायची घाई करू नका. शिडावर असाल तर दर दोन मिनिटांनी एक लांब आणि दोन आखूड भोंगे, इंजिनावर असाल तर एकच लांब. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनेल १६ वर कान ठेवा, मोठ्या जहाजांचं आपसातलं बोलणं १३ वर ऐकू येतं. जहाजांच्या वाटेच्या कडेने, बोयांच्या किंचित बाहेरून, खोली सांभाळत या. सकाळचं धुकं बऱ्याचदा अकरापर्यंत विरतं. आत मूरिंगवर असाल तर आणखी एक चहा घ्या.

८. बोट पाण्यात बांधली, आता गावात कसं जायचं?

डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) असेल तर सार्वजनिक धक्के आहेत : थेम्स स्ट्रीटच्या मधोमध ॲन स्ट्रीट पिअर, उत्तरेला पेरॉटी पार्क, दक्षिणेला किंग पार्क. तिथे डिंगी किती वेळ ठेवता येते याची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. दोर लांब सोडून बांधा म्हणजे मागून येणाऱ्याला आत घुसता येतं. डिंगीचं इंजिन वर उचलून ठेवू नका, शेजारच्याची रबरी डिंगी त्या पात्याने फाटते.

डिंगी नसेल तर लाँच बोलवा. व्हीएचएफवर हाक मारली की येते, माणशी थोडे डॉलर घेते. शेवटची फेरी किती वाजता हे उतरतानाच विचारून ठेवा.

रात्री डिंगीत पांढरा दिवा हवाच, कायद्यानेही आणि अकलेनेही. छोट्या बोटींच्या इंजिनाची किल-स्विचची (चालक पाण्यात पडला की इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची) दोरी वेगात असताना चालकाच्या अंगाला लावलेली असणं १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. बंदरात तसाही ताशी ५ मैलांपेक्षा जास्त वेग चालत नाही.

९. आंघोळ, कपडे धुणं, पाणी, किराणा?

ॲन स्ट्रीट पिअरला लागूनच जुन्या आर्मरीच्या इमारतीत मेरिटाइम सेंटर आहे. बाहेरून आलेल्या बोटवाल्यांसाठी शॉवर आणि कपडे धुण्याची यंत्रं तिथे मिळतात. मोठं सुपरमार्केट बेल्व्ह्यू ॲव्हेन्यूवर, चालत पंधरा-वीस मिनिटं. येताना पिशव्या जड होतात, चाकांची ट्रॉली न्या.

१०. टॉयलेटची टाकी समुद्रात सोडली तर चालते का? बाहेर सगळे सोडतात असं ऐकलं.

चालत नाही. आपला समुद्री कोपरा संपूर्णपणे 'नो डिस्चार्ज' जाहीर करून घेणारं ऱ्होड आयलंड हे १९९८ मध्ये पहिलं राज्य ठरलं. किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत प्रक्रिया केलेला मैलाही सोडता येत नाही. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप किंवा झिप-टायने अडकवलेला असला पाहिजे, तपासणीत तेच बघतात. टाकी रिकामी करायला पंप-आउट बोट तुमच्यापर्यंत येते, व्हीएचएफवर बोलवायची. किंग पार्कलाही सोय आहे. शनिवारी सकाळी रांग लागते, शुक्रवारीच उरका.

११. स्वतःची बोट नाही. भाड्याने मिळेल का?

मिळते. कप्तानाशिवाय हवी असेल तर तुमचा अनुभव लिहून मागतात, अनामत रक्कम घेतात आणि सहसा आधी तासभर चालवून दाखवायला लावतात. तलावावरचा अनुभव असेल तर तो तलावावरचाच आहे असं लिहा, मूरिंग पकडताना खरं काय ते दिसतंच.

दोघांपैकी एकालाही सराव नसेल तर कप्तानासह घ्या. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याकडे कोस्ट गार्डचा परवाना लागतो. तुमचा मित्र 'डिझेलचे पैसे तेवढे द्या' म्हणत असेल तर खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं घेणं वेगळं, हे दोघांनाही माहीत हवं.

आणि फक्त दोन-तीन तासांची हौस असेल तर अमेरिका कपच्या काळातल्या '१२-मीटर' वर्गाच्या (हे वर्गाचं नाव, लांबी नव्हे) बोटींवर फेरी घ्या. १९६२ ची विजेती 'वेदरली', १९६७ आणि १९७० ची 'इंट्रेपिड' या बोटी इथे अजून पाण्यात आहेत. विंच (शिडाचे दोर ओढायची चक्री) फिरवायला पाहुण्यांनाही लावतात. एवढ्या लांब, अरुंद आणि जड बोटीचा वाऱ्यावरचा कल पहिल्यांदा अंगावर येतो तेव्हा बोलणं थांबतं.

१२. गावात एकच दिवस आहे. काय बघावं?

पोट भरेल एवढंच सांगतो. सकाळी एक हवेली. एकच. दोन बघितल्यात की सोनेरी छतं एकमेकांत मिसळतात. 'द ब्रेकर्स' बहुतेक जण निवडतात : व्हँडरबिल्ट कुटुंबाची, १८९५ मध्ये बांधून झालेली, ७० खोल्यांची, आणि वापर वर्षातले जेमतेम काही आठवडे. आमचं मत 'मार्बल हाउस'ला (१८९२). बांधायला एक कोटी दहा लाख डॉलर लागले, त्यातले सत्तर लाख नुसत्या संगमरवराचे. मागच्या हिरवळीवर समुद्राच्या कडेला चिनी धाटणीचं चहाघर आहे, तिथे उभं राहिलं की या लोकांना समुद्र कशासाठी हवा होता ते कळतं : मागचा पडदा म्हणून.

बंदराजवळच्या जुन्या गल्ल्या मात्र हवेल्यांपेक्षा खऱ्या वाटतात. टूरो सिनेगॉग (१७६३) हे अमेरिकेतलं उभं असलेलं सर्वांत जुनं सिनेगॉग. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९० मध्ये धर्मस्वातंत्र्याबद्दल पत्र लिहिलं ते इथल्याच मंडळींना.

टेनिसची आवड असेल तर बेल्व्ह्यू ॲव्हेन्यूवरचं टेनिस हॉल ऑफ फेम चुकवू नका. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८८१ मध्ये याच हिरवळीवर झाली. लिअँडर पेसने कारकिर्दीतलं एकमेव एटीपी एकेरी विजेतेपद १९९८ मध्ये इथे मिळवलं, आणि २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि पेस दोघांनाही याच जागी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पैसे भरून त्या गवतावर तुम्हालाही खेळता येतं. बोटीवरचे बूट चालतात का ते आधी विचारा.

१३. क्लिफ वॉक पूर्ण चालता येतो का?

हवेल्या आणि समुद्र यांच्यामधून जाणारी साडेतीन मैलांची पायवाट, फुकट. उत्तरेचा अर्धा भाग सपाट आणि फरसबंद, दक्षिणेकडे खडकांवरून उड्या मारत जावं लागतं. तिथे चपला नकोत. मार्च २०२२ मध्ये नॅरागॅन्सेट ॲव्हेन्यूजवळचा एक तुकडा खचून समुद्रात गेला, त्यामुळे तिथे वळसा घालून रस्त्यावरून जायच्या पाट्या दिसल्या तर कुंपण ओलांडू नका. बंदरापासून ही वाट गावाच्या अगदी दुसऱ्या बाजूला आहे. हवेल्यांपर्यंत ६७ नंबरची बस जाते.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. खायला काय मिळेल?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. गावाचा जीव शिंपल्यांत आणि लॉबस्टरमध्ये अडकलेला आहे. चाउडर नावाच्या सूपमध्ये शिंपले असतातच, वर डुकराच्या मांसाचे तुकडेही बहुधा असतात. 'स्टफी' हा पावाचा गोळा दिसायला निरागस, आत शिंपल्याचं मांस. पिझ्झा, पास्ता, सॅलड सगळीकडे आहे. कॉफी मिल्क अवश्य प्या : थंड दुधात कॉफीचं सिरप. ऱ्होड आयलंडचं ते अधिकृत राज्यपेय आहे.

मत्स्याहारींना सांगायची गरजच नाही. बाहेरच्या जेवणावर एकूण ८ टक्के कर आणि वर टिप, हे मेनूतल्या किमतीत धरून चाला. एक वेळ बाहेर आणि एक वेळ बोटीवर खिचडी, असं ठेवलं की पोट आणि पाकीट दोन्ही शाबूत राहतात.

१५. फोक आणि जॅझ महोत्सव बोटीतून फुकट ऐकता येतात म्हणे?

खरं आहे. दोन्ही महोत्सव फोर्ट ॲडम्सच्या मैदानावर होतात : जॅझ १९५४ पासूनची परंपरा, फोक १९५९ पासूनची. रंगमंच पाण्याच्या इतका जवळ आहे की भोवती नांगरलेल्या बोटींपर्यंत आवाज स्वच्छ येतो. शेकडो जण तसंच करतात, आणि अडचण तीच आहे. सकाळी लवकर जागा धरा, नांगर एकमेकांत अडकण्याची तयारी ठेवा, बोटीच्या बाजूला फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा) लटकवा, कारण कोणीतरी येऊन टेकणारच. हार्बरमास्टरची माणसं वाट मोकळी ठेवायला सांगतील, ते ऐकायचं. दिसत मात्र काही नाही. कलाकार बघायचा असेल तर तिकीटच काढा, आणि ती महिनोन्‌महिने आधी संपतात.

१६. यॉट क्लबमध्ये जाऊन एक कॉफी पिता येईल का?

बहुतेक नाही. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क यॉट क्लबचं 'हार्बर कोर्ट' हे न्यूपोर्टमधलं ठाणं १९८८ पासून टेकडीवर आहे. सदस्य, त्यांचे पाहुणे किंवा परस्पर करार असलेल्या क्लबचे लोक यांनाच प्रवेश, आणि कपड्यांचे नियम कडक. तुमच्या क्लबचा करार असेल तर पत्र घेऊन जा.

आयडा लुईस क्लब आकाराने लहान आणि आमच्या जास्त आवडीचा. तोही सदस्यांचाच, पण बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. खडकावरचं हे घर मूळचं दीपगृह. आयडा लुईस ही बाई ते सांभाळायची आणि वल्ह्याच्या होडीतून बुडणाऱ्यांना बाहेर काढायची. निदान १८ जीव तिने वाचवले, क्लबच्या निशाणावर तेवढेच तारे आहेत. संध्याकाळी डिंगी वल्हवत त्या खडकाला चक्कर मारा. दुपारच्या वाऱ्यात हाताने वल्हवून बघितलंत तर तिने काय केलं याचा अंदाज येईल.

१७. दोघांपैकी एकाला बोट लागते. मग?

गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. मेक्लिझिनची गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, झोप आणते, इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आलं चघळल्याने काहींना बरं वाटतं. ज्याला लागते त्याच्या हाती सुकाणू द्या आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. केबिनमध्ये खाली जाऊन फोन बघणं सर्वांत वाईट. रिकामं पोटही वाईट, पोहे खाऊन निघा. आणि पहिल्याच दिवशी ब्लॉक आयलंडहून (प्रश्न २४) उघड्या समुद्रातून येण्यापेक्षा उपसागराच्या आतच दोन दिवस फिरा, शरीराला सवय होते.

१८. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहोत. बोटीवर कागदपत्रं लागतात का?

अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना कोणी पासपोर्ट मागत नाही, पण १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपलं ग्रीन कार्ड किंवा आय-९४ जवळ ठेवावं असा कायदा आहे, पाण्यावरही. कोस्ट गार्डला वॉरंटशिवाय बोटीवर चढून तपासणी करता येते. सहसा ते सौजन्याने लाइफ जॅकेट, दिवे, आपत्कालीन खुणांचे बाण आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह (प्रश्न १०) बघतात. कागद पाणी न जाणाऱ्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवा. बोट बर्म्युडाहून किंवा कॅनडाहून येत असेल तर मामला वेगळा : आल्याबरोबर कस्टम्सला कळवायचं, परवानगी मिळेपर्यंत कोणी किनाऱ्यावर उतरायचं नाही, आणि व्हिसा आधीच हातात हवा.

१९. बोटीवर बिअर चालते का?

प्यायला बंदी नाही, पण चालवणाऱ्याला रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ ही मर्यादा गाडीसारखीच लागू आहे. डिंगी चालवतानाही. गावात पिऊन रात्री डिंगीने परत यायचं असेल तर लाँच बोलवा (प्रश्न ८).

२०. मुलाला सोबत न्यायचं असेल तर वेगळं काही?

बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलाने डेकवर लाइफ जॅकेट घातलेलंच हवं. डिंगीत तर सगळ्यांनीच घाला.

२१. गळ टाकून मासे पकडले तर?

खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो, ऑनलाइन मिळतो. प्रत्येक माशाला आकाराची आणि हंगामाची अट आहे. स्ट्राइप्ड बासला तर खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत, म्हणजे लहानही सोडायचा आणि फार मोठाही. बंदरातले शिंपले काढू नका, तिथे बंदी आहे.

२२. युद्धनौका किंवा मोठी क्रूझ दिसली, जवळ जाऊन फोटो काढू का?

लांबूनच. अमेरिकी नौदलाच्या जहाजापासून ५०० यार्डांच्या आत किमान वेगाने जायचं आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय जायचंच नाही. न्यूपोर्टला नौदलाचा तळ आहे, त्यामुळे हा नियम इथे पुस्तकी नाही.

२३. मुक्कामात वादळाचा इशारा आला तर?

दुपारच्या गडगडाटी पावसासाठी : वारा वायव्येकडून एकदम येतो, आणि बंदर त्या बाजूला थोडं उघडं आहे. जास्त दोर सोडा, गुंडाळलेलं शीड पुन्हा घट्ट बांधा, डिंगी वर घ्या. मूरिंगचा दोर खाचेत घासतो तिथे जाड कापड किंवा नळीचा तुकडा बांधा. मूरिंग सुटण्यापेक्षा दोर घासून तुटण्याची उदाहरणंच जास्त.

चक्रीवादळ असेल तर वेगळा विचार. १९३८ चं वादळ इथल्या जुन्या फोटोंमध्ये अजून दिसतं, १९९१ मध्ये 'बॉब' तर थेट न्यूपोर्टवरूनच गेलं. अशा वेळी 'आपण बोटीवर थांबून लक्ष ठेवू' हा विचार डोक्यातून काढा. दोन-तीन दिवस आधी बोट पाण्यातून वर काढायची व्यवस्था करा, भाड्याची असेल तर मालकाच्या सूचनेप्रमाणे सोपवा, आणि दोघंही किनाऱ्यावर, उंचावर राहा.

२४. न्यूपोर्टहून पुढे कुठे जावं?

दक्षिणेला ब्लॉक आयलंड आणि पूर्वेला कटीहंक, दोन्ही साधारण वीस-बावीस सागरी मैल. सहा नॉट (ताशी सहा सागरी मैल) धरले तर चार तासांच्या आत. ब्लॉक आयलंडला जाताना नैऋत्येचा वारा तोंडावर येतो, म्हणून सकाळी लवकर, वारा उठायच्या आत इंजिनावर निघा. कटीहंकला तोच वारा मागून-बाजूने मिळतो, निवांत अकराला निघालात तरी चालतं. दोघांपैकी एकाला बोट लागत असेल तर निवड आपोआप झालीच. लॉबस्टरच्या सापळ्यांचे रंगीत बोये दोन्ही वाटांवर विखुरलेले असतात, दोर पंख्यात अडकला की इंजिन थांबतं. एकाने सुकाणू धरावं आणि दुसऱ्याने फोन खाली ठेवून पुढे बघावं.